एलडीओच्या न वापरलेल्या पिना: मोकळ्या, ग्राउंडला की इनपुटला?

‘ही पिन आपण वापरत नाही ना, मग ग्राउंड करून टाक.’ डिजिटल सर्किटवर हात बसलेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं आणि तिथे ते बहुतेकदा खपूनही जातं. सीमॉस गेटचा रिकामा इनपुट अधांतरी ठेवायचा नाही, ग्राउंडला किंवा सप्लायला बांधायचा, एवढंच तिथे लक्षात ठेवायचं असतं. लिनिअर रेग्युलेटरपाशी हीच सवय महागात पडते, आणि एलडीओ हा त्यातलाच प्रकार: इनपुट आउटपुटपेक्षा थोडंसंच वर असलं तरी चालणारा रेग्युलेटर.

टीपीएस७ए८४ हा ३ अँपिअरचा एलडीओ घ्या. आउटपुट ठरवण्यासाठी त्याला सहा पिना दिल्या आहेत: ५०, १००, २००, ४००, ८०० मिलिव्होल्ट आणि १.६ व्होल्ट. आतला रेफरन्स ०.८ व्होल्टचा. जी पिन ग्राउंड कराल, तिचं मूल्य त्या ०.८ मध्ये मिळवलं जातं. १.० व्होल्ट हवे असतील तर फक्त २०० मिलिव्होल्टची पिन ग्राउंडला जाते, बाकीच्या पाच मोकळ्या राहतात. त्या पाच ‘वापरात नाहीत’ म्हणून कुणी ग्राउंड केल्या, तर रेग्युलेटर ३.९५ व्होल्टच्या मागे धावतो. इनपुट १.८ व्होल्ट असेल तर आउटपुट चढत चढत जवळजवळ तिथपर्यंत जातं. आर्टिक्स-७ या एफपीजीएच्या (हवं ते लॉजिक आत भरता येणाऱ्या चिपच्या) कोअर सप्लायची कमाल मर्यादा १.१ व्होल्ट आहे. म्हणजे पाच निरुपद्रवी दिसणाऱ्या जोडण्यांनी बोर्डावरचा सगळ्यात महागडा चिप जायचा.

म्हणून पिन वापरात आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम. तिच्या आत काय बसलंय, हे आधी विचारायचं. एलडीओच्या जादा पिनांमागे साधारण पाच प्रकारची सर्किटं असतात: लॉजिक इनपुट, ओपन-ड्रेन ट्रान्झिस्टर, रेफरन्सचा नाजूक बिंदू, फीडबॅकचा बिंदू किंवा आतल्या सर्किटची स्वतंत्र सप्लाय. प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

सुरुवात पूर्ण पार्ट नंबरपासून

नुसतं ‘एलपी२९८५’ किंवा ‘एमआयसी५२०५’ एवढ्यावर काम भागत नाही. नंबरामागची अक्षरं आणि आकडे पॅकेज सांगतात, आउटपुट फिक्स्ड आहे की अ‍ॅडजस्टेबल हे सांगतात, आणि त्यावरून एकाच जागेवरच्या पिनेचं काम बदलतं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे घेतलेल्या छोट्या पॅकेजवर तर चार-पाच अक्षरांचं टॉप-मार्किंगच असतं. ते कुठल्या पार्टचं, याची खातरजमा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग डेटाशीटमध्ये थेट पिनांच्या वर्णनाच्या तक्त्यावर जा. पहिल्या पानावरच्या नमुना सर्किटवरून जोडणी उचलायचा मोह होतो, पण त्या चित्रात बहुतेकदा सगळी वैशिष्ट्यं वापरलेली असतात. न वापरल्यास काय करायचं, ते पिनेच्या वर्णनातल्या शेवटच्या एखाद्या वाक्यात दडलेलं असतं. त्याच बैठकीत कमाल मर्यादांचा तक्ताही उघडून ठेवा. इनेबलच्या वेळी तो लागतोच.

इनेबल: दिशा तपासा, मग मर्यादा

इनेबल म्हणजे रेग्युलेटर चालू-बंद करणारी पिन. तो कायम चालूच ठेवायचा असेल तर ती इनपुटला जोडतात. बहुतेक वेळा हे बरोबर असतं, पण आधी पिनेचं नाव नीट वाचा. एलटी१७६३ मध्ये या पिनेचं नाव शटडाउन आहे आणि त्यावर आडवी रेघ आहे. म्हणजे पिन खाली गेली की रेग्युलेटर बंद. न वापरल्यास ती इनपुटला बांधायची. जुन्या एलपी२९५१ मध्येही शटडाउनच आहे, पण रेघ नाही. तिथे पिन वर गेली की रेग्युलेटर बंद, म्हणून ती ग्राउंडला बांधायची. नाव तेच, जोडणी बरोबर उलटी.

इनेबल मोकळी सोडली तर काय होईल, हे आतल्या रचनेवर ठरतं. एमआयसी५२०५ मध्ये ती मोकळी राहिली तर रेग्युलेटर बंदच राहतो, हे डेटाशीट स्पष्ट सांगते. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण बोर्ड पहिल्याच दिवशी चालत नाही आणि चूक सापडते. आत पुल-अप किंवा पुल-डाउन (पिनेला वर किंवा खाली खेचून ठेवणारा रेझिस्टर) काहीच नसेल, तर पिन नुसतं गेट असते. तिचं व्होल्टेज गळतीचा करंट, शेजारचा ट्रॅक आणि हवेतला दमटपणा यांवर ठरतं. असा बोर्ड टेबलावर नीट चालतो आणि रत्नागिरीत जुलै महिन्यात बसवला की मनाला येईल तेव्हा बंद पडतो. टेबलावर चाललं, हा इथे पुरावाच होत नाही.

आता मर्यादा. इनेबलची कमाल मर्यादा इनपुटएवढीच आहे का, ते पाहा. कमी व्होल्टच्या भागांत सहसा असते, पण काही रेग्युलेटरमध्ये इनपुट जास्त सोसतो आणि इनेबल मात्र ६-७ व्होल्टांच्या पुढे जात नाही. तिथे दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावावा लागतो. डिव्हायडर काढताना आतला पुल-डाउन हिशेबात धरा. समजा आत १ मेगाओहमचा पुल-डाउन आहे आणि तुम्ही ३.३ व्होल्टवरून १०० किलोओहमने वर खेचलं, तर पिनेवर ३.० व्होल्ट मिळतात, चिंता नाही. करंट वाचवायचा म्हणून १ मेगाओहम लावला तर उरतात १.६५. थ्रेशोल्डच्या, म्हणजे चालू-बंद ठरवणाऱ्या पातळीच्या, जवळ येऊन बसायची ही सोय कुणी सांगितली आहे?

माझ्या मते थेट ट्रॅकऐवजी मध्ये शून्य ओहमच्या किंवा १० किलोओहमच्या रेझिस्टरची जागा ठेवावी. पुढे कधी मायक्रोकंट्रोलरने रेग्युलेटर बंद-चालू करायचा ठरला तर बोर्ड खरवडावा लागत नाही, आणि बोर्ड तपासताना रेग्युलेटर हाताने बंद करता येतो.

इनेबलवर रेझिस्टर-कपॅसिटर लावून थोडा उशीर मिळवण्याची युक्ती बरीच प्रचलित आहे. एलपी२९८५ ला ती चालत नाही. त्याच्या कंट्रोल सिग्नलची कड किमान ४० मिलिव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद वेगाची हवी, म्हणजे ३.३ व्होल्टची उडी साधारण ८० मायक्रोसेकंदांत पूर्ण व्हायला हवी. १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा टाइम कॉन्स्टंटच १०० मिलिसेकंद आहे.

पॉवर-गुड: इथे फार डोकं लावू नका

आउटपुट ठरल्या आकड्यावर आलं की नाही, हे सांगणारी पिन म्हणजे पॉवर-गुड. ती जवळपास नेहमी ओपन-ड्रेन असते. आत ग्राउंडकडे खेचणारा एक ट्रान्झिस्टर, वर काही नाही. मोकळी सोडली तरी चालतं, ग्राउंड केली तरी चालतं. टीपीएस७ए८४ ची डेटाशीट दोन्हींना मुभा देते. मी मोकळी सोडून एक टेस्ट-पॉइंट ठेवतो, म्हणजे गरज पडली तर रेझिस्टर टाचून बघता येतं. एकच गोष्ट करू नये: रेझिस्टरशिवाय आउटपुटला किंवा इनपुटला जोडणं. सुरुवातीच्या क्षणी तो ट्रान्झिस्टर चालू असतो आणि सप्लाय त्याच्यातून सरळ ग्राउंडला जाते. क्वचित एखाद्या चिपमध्ये ही पिन पुश-पुल असते, म्हणजे वर खेचणारा ट्रान्झिस्टरही आतच असतो. तिथे ग्राउंडही करायची नाही.

बायपास, नॉइज-रिडक्शन, सॉफ्ट-स्टार्ट

या पिना रेफरन्सपाशी जोडलेल्या असतात आणि तो बिंदू खूप उच्च इम्पिडन्सचा असतो. बाहेर कपॅसिटर लावला की रेफरन्सचा नॉइज गाळला जातो. कपॅसिटर नको असेल तर पिन मोकळी. ग्राउंड केली तर रेफरन्सच शून्यावर येतो आणि आउटपुटही शून्य. इनपुटला जोडणं त्याहून वाईट.

एमआयसी५२०५ मध्ये बायपासवरून ग्राउंडला ४७० पिकोफॅरड लावतात, किंवा पिन मोकळी सोडतात. एलपी२९८५ मध्ये १० नॅनोफॅरड, तेही ग्राउंडलाच. एलटी१७६३ मध्ये हाच १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आउटपुट आणि बायपास यांच्यामध्ये बसतो, ग्राउंडला नाही. त्याने नॉइज १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात २० मायक्रोव्होल्टपर्यंत उतरतो. वापरायची नसेल तर ही पिन कशालाही जोडू नये, असं तिची डेटाशीट बजावते. एका चिपवरून दुसऱ्यावर जाताना जुनं सर्किट तसंच उतरवून घेतलं तर इथे हमखास घोळ होतो.

मोकळी सोडणं म्हणजे पिनेपासून लांब ट्रॅक काढून तो कुठेतरी संपवणं नव्हे. असा ट्रॅक अँटेनासारखं काम करतो. नुसतं पॅड ठेवा, शेजारून क्लॉक किंवा स्विचिंग सप्लायची रेघ नेऊ नका. गळतीचंही भान हवं. एलपी२९८५ च्या बायपासमधून १०० नॅनोअँपपेक्षा जास्त डीसी करंट जाऊ नये. रेफरन्स सुमारे १.२ व्होल्टचा धरला तर हा १२ मेगाओहमचा हिशेब झाला. नीट न धुतलेला फ्लक्स आणि पावसाळी हवा मिळून याहून कमी रेझिस्टन्स सहज तयार होतो, आणि मग आउटपुट काही मिलिव्होल्टांनी सरकलेलं दिसतं. कपॅसिटर लावणार असाल तर सिरॅमिक किंवा फिल्मचा घ्या. इलेक्ट्रोलिटिकची गळती इथे परवडत नाही.

‘नॉइजची मला काळजी नाही’ म्हणून पिन मोकळी सोडण्याआधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच नव्या भागांत नॉइज-रिडक्शन आणि सॉफ्ट-स्टार्ट एकाच पिनेवर असतात. कपॅसिटर नसेल तर आउटपुट झटक्यात वर येतं आणि पुढचे सगळे कपॅसिटर एकदम भरायला निघतात. आउटपुटवर एकूण ४७ मायक्रोफॅरड असतील आणि ३.३ व्होल्ट ०.१ मिलिसेकंदात उभे राहिले, तर नुसत्या चार्जिंगचा करंट १.५५ अँपिअर होतो. रेग्युलेटर ५०० मिलिअँपचा असेल तर तो करंट-लिमिटमध्ये जाईल, आणि मागे यूएसबी पोर्ट किंवा छोटी बॅटरी असेल तर तीही खाली बसेल. टीपीएस७ए८४ ला या पिनेवर कपॅसिटर सक्तीचा नाही, पण १० नॅनोफॅरड किंवा जास्त लावण्याची शिफारस आहे. मी अशा ठिकाणी कपॅसिटर लावतोच. ‘न वापरलेली’ पिन वापरणंच स्वस्त पडतं, ते इथे.

फीडबॅक आणि सेन्स: या मोकळ्या राहतच नाहीत

आउटपुट किती आहे ते रेग्युलेटर या पिनांवरून पाहतो. फीडबॅक शून्य दिसलं की आतल्या एरर अँप्लिफायरला वाटतं आउटपुट पडलंय, आणि तो इनपुट-आउटपुटमधला पास ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. म्हणजे अ‍ॅडजस्ट किंवा फीडबॅक पिन ग्राउंड केली की आउटपुट इनपुटला जाऊन टेकतं. फिक्स्ड आवृत्तीतली सेन्स पिन तुटलेली राहिली तरी तेच. एलटी१७६३ च्या फिक्स्ड प्रकारात सेन्स आउटपुटला जोडावीच लागते, शक्यतो लोडच्या जवळ. दूरवरून सेन्स करायची गरज नसेल तर चिपपाशीच जोडा, पण जोडा.

उलट बाजूही आहे. टीपीएस७ए८४ बाहेरच्या दोन रेझिस्टरवर चालवायचा असेल तर सेन्स आणि त्या सहाही पिना मोकळ्या ठेवायच्या. एलपी२९५१ मध्ये फिक्स्ड आउटपुटसाठी आउटपुट-सेन्स आणि टॅप-फीडबॅक अशा दोन जोड्या बांधायच्या. बाहेरचे रेझिस्टर वापरायचे असतील तर सेन्स आणि टॅप दोन्ही मोकळ्या. त्याच चिपची तीच पिन एका सर्किटात बांधलेली आणि दुसऱ्यात मोकळी, आणि दोन्ही बरोबर.

आता पाच पायांच्या एसओटी-२३ पॅकेजची चौथी पिन बघा. एपी२११२के मध्ये ती आतून कशालाच जोडलेली नाही. टीएलव्ही७०२ मध्येही तसंच, आणि उष्णता काढायला ती ग्राउंडला जोडा असं डेटाशीट सुचवते. एमआयसी५२०५ च्या फिक्स्ड प्रकारात आणि एलपी२९८५ मध्ये तीच चौथी पिन बायपास. एमआयसी५२०५ च्या अ‍ॅडजस्टेबल प्रकारात ती अ‍ॅडजस्ट. बाकीच्या चार पिना सगळ्यांच्या सारख्या, त्यामुळे हे भाग एकमेकांच्या जागी बसतात. टीएलव्ही७०२ साठी चौथी पिन ग्राउंड केलेला बोर्ड आहे आणि माल मिळत नाही म्हणून एलपी२९८५ बसवला, तर आउटपुट शून्य. अ‍ॅडजस्टेबल एमआयसी५२०५ बसला तर आउटपुटला अख्खं इनपुट. २०२१ च्या चिप-टंचाईत ‘पिन-टू-पिन सेम आहे’ या तोंडी आश्वासनावर पुष्कळ बदल्या झाल्या असतील. पर्यायी भाग लागण्याची जरा जरी शक्यता असेल तर चौथी पिन थेट ग्राउंडच्या तांब्यात बुडवू नका. पॅड सुटं ठेवा आणि त्यावरून ग्राउंडला ०४०२ आकाराच्या एका छोट्या भागाची जागा द्या. तिथे काहीच नको, कपॅसिटर हवा की शून्य ओहम, ते बसवलेल्या चिपवरून ठरेल.

बायस: नाव एक, सक्ती वेगवेगळी

बायस म्हणजे आतल्या सर्किटची स्वतंत्र सप्लाय. टीपीएस७ए८४ मध्ये इनपुट १.४ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बायसशिवाय काम चालतं. मग ती पिन मोकळी सोडा किंवा ग्राउंड करा. त्याहून खाली, १.१ व्होल्टपर्यंत उतरायचं तर बायस लागतो.

टीपीएस७४८ मध्ये बायस म्हणजे आतल्या सगळ्या कंट्रोल सर्किटची सप्लाय. ती ग्राउंड केली तर चिप मेलेलीच. वेगळी सप्लाय नसेल तर बायस इनपुटला जोडता येतो, पण मग इनपुट आउटपुटपेक्षा सुमारे दीड व्होल्ट वर हवं, आणि कमी ड्रॉपआउटसाठी (इनपुट-आउटपुटमधला किमान लागणारा फरक) हा भाग निवडला होता तो हेतूच बुडतो. एलटी३०८० च्या कंट्रोल पिनेचंही असंच: वेगळी सप्लाय दिली तर ड्रॉपआउट ३५० मिलिव्होल्टच्या आसपास, इनपुटला बांधली तर १.३५ व्होल्टच्या घरात. चालतं, फक्त तापमानाचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

एलटी३०४५: ग्राउंड, मोकळी आणि इनपुट, तिन्ही एकाच चिपमध्ये

कमी नॉइजसाठी हा भाग ऑडिओ आणि आरएफवाल्यांचा लाडका. करंट-लिमिट ठरवायचा नसेल तर त्याची पिन, आयलिम, ग्राउंडला. पॉवर-गुड नको तर तिची पिन, पीजी, मोकळी. इनेबल नको तर इनपुटला, आणि ती अधांतरी ठेवायची नाही. आणि पीजीएफबी, म्हणजे पॉवर-गुडसाठीची फीडबॅक पिन? पॉवर-गुड वापरत नाही म्हणून ती ग्राउंड करावी असं वाटतं, आणि तिथेच फसगत आहे.

पीजीएफबी ३०० मिलिव्होल्टच्या खाली असेपर्यंत चिप समजते की आउटपुट अजून उभं राहिलेलं नाही, आणि सेट पिनेचा (हिच्यावरच्या व्होल्टेजवरून आउटपुट ठरतं) नेहमीचा १०० मायक्रोअँपचा करंट वाढवून सुमारे २ मिलिअँप करते, म्हणजे सेटवरचा कपॅसिटर लवकर भरावा. ३.३ व्होल्टसाठी सेटवर ३३.२ किलोओहम असतो. पीजीएफबी ग्राउंड राहिली तर तो २ मिलिअँप थांबतच नाही, सेटचं व्होल्टेज जितकं चढता येईल तितकं चढतं आणि आउटपुट त्याच्या मागोमाग जातं. म्हणून ही पिन वापरायची नसेल तर इनपुटला बांधायची. इनपुट उलटं जोडलं जाण्यापासून संरक्षणही हवं असेल तर इनपुट आणि पीजीएफबी यांच्यामध्ये १एन४१४८ डायोड, अ‍ॅनोड इनपुटकडे.

एनसी पिना आणि पोटाखालचं पॅड

एनसी (नो कनेक्ट) लिहिलेलं सगळं एकसारखं नसतं. आत खरंच काही जोडलेलं नसेल तर ग्राउंडला नेऊन उष्णता काढायला वापरा. ‘जोडू नका’ असं बजावलं असेल तर ती कारखान्यातल्या चाचणीची पिन असू शकते, तिथे काहीही नको. तक्त्यात दोन्हींपैकी काहीच स्पष्ट नसेल तर मोकळी ठेवा.

पोटाखालचं पॅड ग्राउंडच असेल हे गृहीत धरू नका. एलटी३०८० चं पॅड आउटपुटला जोडलेलं आहे, ऋण व्होल्टेजच्या एलटी३०९४ चं इनपुटला. ते ग्राउंड प्लेनवर सोल्डर केलं की सरळ शॉर्ट.

लोड लावायच्या आधीची चाचणी

पुढचं सर्किट शून्य ओहमच्या भागाने किंवा जंपरने तोडता येईल अशी सोय लेआउटमध्येच ठेवा. बेंच सप्लायचा करंट-लिमिट ५० मिलिअँपवर लावा, आउटपुटवर किमान लोडपुरता रेझिस्टर टाका (एलटी३०८० सारख्यांना सुमारे १ मिलिअँप लागतो) आणि इनपुट शून्यापासून हळूहळू चढवा. आउटपुट आधी इनपुटच्या मागे जाईल आणि ठरलेल्या आकड्यावर सपाट होईल. सपाट न होता इनपुटबरोबर चढतच राहिलं तर फीडबॅक, सेन्स, आउटपुट निवडण्याच्या पिना किंवा पीजीएफबी तपासा. शून्यावरच बसलं तर इनेबलची दिशा आणि बायपास. आकडा थोडासाच चुकला तर रेझिस्टर आणि गळती.

नंतर इनेबलच्या पॅडजवळ बोट न्या. आउटपुट हललं तर पिन अधांतरी आहे, स्कीमॅटिक काहीही म्हणो.

मीटरबद्दल एक खबरदारी. सेट किंवा बायपासवर प्रोब टेकवला की मीटरचा १० मेगाओहमसुद्धा लोड होतो. एलटी३०४५ च्या ३३.२ किलोओहमवर फरक जेमतेम ०.३ टक्के पडतो. एलटी३०८० मध्ये सेटचा करंट १० मायक्रोअँप, म्हणून ३.३ व्होल्टला ३३० किलोओहम लागतो; तिथे प्रोब लावताच ३.३ चे ३.१९ होतात, आणि आउटपुटही तेवढंच उतरतं. अशा ठिकाणी आउटपुटवर मोजा आणि त्यावरून सेटचा अंदाज बांधा.